थायरॉइडची गोळी

मी भाजीवाल्यापाशी मेथी बघत उभी होते, तेव्हा शैलाच्या प्रज्ञाचा फोन आला. "मावशी... आई गेली." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशी?" कधी नाही, कुठे नाही... कशी. मी काय विचारतेय ते तिला बरोबर कळलं होतं. "हार्ट अटॅक, मावशी. कणीक मळता मळता खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत..." मी जुडी तिथेच टाकली आणि रिक्षा पकडली. खोटं कशाला बोलू, रिक्षात हमसून हमसून रडत असतानाही मनात कुठेतरी येत होतं, की बाई गं, निदान त्या आजाराने तुला नेलं नाही. मैत्रीण गेल्यावर असं हायसं वाटायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

शैला गांगुर्डे आणि मी नाशिकरोडच्या एकाच शाळेत शिकवलं, एकाच कॉलनीत घरं बांधली. ती मराठीची, मी गणिताची. तिचं हसू मैदानापर्यंत ऐकू यायचं, आणि मी गॅस बंद केला का हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारी. "वंदे, काळजी करायला काही सापडलं नाही, की तू त्याचीसुद्धा काळजी करतेस," असं म्हणून ती मला चिडवायची. त्यामुळे आमच्या दोघींत कुणाचं मन आजारी पडेल असं कुणी विचारलं असतं, तर सगळ्या स्टाफरूमने माझंच नाव घेतलं असतं.

पडली ती. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आली ती वेगळीच. केस विंचरलेले नाहीत, डबा उघडायचा नाही, वर्गात जायची बेल झाली तरी खडू हातात धरून बसून. काय झालं म्हणून विचारावं तर "काही नाही गं, थकल्यासारखं वाटतं." घरात भांडण नाही, कुणी गेलेलं नाही. मिलिंदभाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, रेल्वेत. साधा माणूस, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. त्यांची मनमाडची आत्या आली आणि दारातच म्हणाली, "काय कमी हाय हिला? कामं कमी पडत्यात, दुसरं काय नाय." मला असा राग आला म्हणता... पण शैला नुसती मान हलवत राहिली, जणू आत्याचंच खरं. एरवीच्या शैलाने आत्याला चहाबरोबर चार शब्दही पाजले असते.

कुणी म्हणालं, इगतपुरीला ध्यानाच्या शिबिराला पाठवा. भाऊजींनी फोन केला, तर तिथल्या भल्या माणसांनीच सांगितलं की आधी डॉक्टरांना दाखवा, मग बघू. त्या फोनमुळे का होईना, आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे पोचलो. डॉक्टरांनी सगळं शांतपणे विचारलं आणि म्हणाले, "हे डिप्रेशन आहे. आळस नाही, नाटक नाही. यावर उपचार आहेत. पण गोळीचा गुण दिसायला काही आठवडे जातात, घाई करू नका. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका." पहिली गोळी तिला सोसली नाही. सारखं मळमळायचं. दुसरी दिली, डोस हळूहळू वाढवला. सोबत आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडे जायचं. त्या बाई रोज एक बारकं काम नेमून द्यायच्या. सुरुवातीला काय, तर आपला चहाचा कप आपण विसळायचा. शैला रिक्षात मला म्हणाली, "एम.ए. बी.एड. बाईला कप विसळायचा गृहपाठ!" आणि कितीतरी दिवसांनी तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी रिक्षाबाहेर बघण्याचं सोंग केलं, नाहीतर तिथेच भोकाड पसरलं असतं.

ती सुधारत गेली. पण घरात एक गोष्ट ठरली होती. लोकांना सांगायचं, थायरॉइडची गोळी चालू आहे. भाऊजींचाच तो आग्रह. "वंदनाताई, कॉलनी आहे, पाहुणेरावळे आहेत, उद्या पोरीचं लग्न करायचंय." मीही कुणी विचारलं की थायरॉइडच सांगायचे. मग काय विचारता! कुणी धन्याचं पाणी सांगतंय, कुणी कोबी खाऊ नको म्हणतंय. शैला सगळ्यांना "हो, हो" म्हणायची आणि घरी येऊन कोबीची भाजी करायची.

आणि मग तिला डेंगी झाला. हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. ती तापाने ग्लानीत. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून कुठलं औषध चालू आहे? खाटेपाशी मनमाडची आत्या, चुलत दीर, जाऊ, सगळी जत्रा जमलेली. भाऊजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थायरॉइडची गोळी." डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट अगदी नॉर्मल! "मग ताप उतरेपर्यंत ती गोळी नसली तरी चालेल," डॉक्टर म्हणाले. आणि आत्याच्या देखत भाऊजींना खरं सांगता येईना. थोडे दिवस नाही घेतली तर काय बिघडतं, असं त्यांनी मनाला समजावलं.

बिघडलं. ताप उतरून ती घरी आली, पण गोळी बंदच राहिली. चक्कर जाईना, डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, रडू फुटायचं. सगळे म्हणाले, डेंगीचा अशक्तपणा आहे, पपईच्या पानांचा रस द्या. मी मात्र तिचे डोळे बघितले आणि माझा धीर सुटला. स्वयंपाकघरात तिला एकटीला गाठलं. विचारू की नको, विचारल्याने भलतंच काही डोक्यात भरवून दिल्यासारखं होईल का... पण राहवेना. सरळ विचारलं, "शैले, जीव द्यायचं मनात येतं का?" ती पाण्याच्या पिंपाकडे बघत म्हणाली, "येतं." एवढंच. समुपदेशक बाई मला नंतर म्हणाल्या, असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात काही भरत नसतं, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. तेव्हा मला हे कुठे ठाऊक? मी तिचा हात जो धरला तो सोडलाच नाही. तशीच, घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून, तिला तिच्या डॉक्टरांकडे नेलं. भाऊजी स्टेशनवरून धावत आले, आणि डॉक्टरांपुढे लहान पोरासारखे रडले. "एक शब्द, डॉक्टर... एक शब्द मला बोलता आला नाही." उपचार पुन्हा सुरू झाले. कितीतरी दिवस आम्ही तिला एकटीला सोडलं नाही. पुन्हा कप विसळण्यापासून सुरुवात.

ती उठली तेव्हा मात्र पक्कं ठरवून उठली. एका पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना झाली, खीर वाटणं चालू होतं, आणि शेजारच्या वहिनींनी थायरॉइडवरचा कुठलासा काढा सांगायला घेतला. शैलाने खिरीची वाटी खाली ठेवली. "वहिनी, मला थायरॉइड नाही. मला डिप्रेशन आहे. गोळी घेते, बोलायला जाते, बरी आहे. काढा राहू द्या, खीर वाढा." भाऊजी पायाखालच्या चटईची काडी उपटत बसले. मला धास्ती, आता काय काय ऐकावं लागतंय म्हणून. पण त्याच आठवड्यात त्याच वहिनी मागच्या दाराने शैलाकडे आल्या. धाकट्या बहिणीचं बाळंतपण झालं होतं, आणि ती बाळाकडे बघतच नव्हती.

तिथून ते सुरू झालं. शनिवारी शाळा अर्धी असायची. कुणी घाबरलेलं असलं, की शैला त्याच्यासोबत डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसायची. उपदेश नाही, काही नाही. पर्समधून स्टीलचा चपटा डबा काढायचा, त्यात शिळ्या पोळीचे गूळ-तूप घालून वळलेले लाडू, आणि म्हणायचं, "आधी पोटात काहीतरी टाक. रिकाम्या पोटी भीती जास्त वाटते." दुखणं मधून मधून डोकं वर काढायचं. ती ते ओळखायची, लपवायची नाही, डॉक्टरांकडे जायची. पूर्ण बरी झाले असं ती कधी म्हणाली नाही. "आज बरी आहे" म्हणायची, आणि ते खरं असायचं.

आणि ती गेल्यावर काय? पुण्यानुमोदनाच्या, तिला आदरांजली वाहायच्या दिवशी मांडवात कुजबुज. "हार्टचं सांगतायत... खरं काय कोण जाणे." इतकी वर्षं छातीठोक जगलेल्या बाईला साधं मरणही लोक द्यायला तयार नाहीत! मला बोलायला उठायचं होतं. भाऊजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "वंदनाताई, आजाराचं नको काढायला. पोरीकडे बघा." मी पोरीकडे बघितलं. प्रज्ञा कोपऱ्यात बसली होती. केस विंचरलेले नाहीत. समोरचा चहा साय धरून थंड झालेला. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाळा, जेवतेस ना? झोप लागते का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही नाही गं मावशी. थकल्यासारखं वाटतं. थायरॉइड चेक करून घेते."

मी माईकपाशी गेले आणि सगळं बोलले. गोळीचं, कप विसळण्याचं, विहारातल्या खिरीचं. शैला त्या आजाराने मेली नाही, त्या आजारासकट उत्तम जगली, असं ओरडूनच बोलले बहुतेक. भाऊजींनी मान वर केली नाही. प्रज्ञा उठून आत निघून गेली. त्यानंतर माझी झोप उडाली. माझं चुकलं का? पोर दुरावली का? समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आई गेल्याचं दुःख म्हणजे आजार नव्हे. आणि आईला होतं म्हणून मुलीला होईलच असंही नाही. पण जेवण, झोप सुटली असेल तर दाखवायला काय हरकत आहे?" हरकत काहीच नव्हती, पण तिला म्हणायचं कुणी? मी रोज काहीतरी भाजी घेऊन तिच्या दारात जायचे, आणि ती दारातूनच घेऊन दार लोटायची.

गेल्या शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात प्रज्ञा. केसांना नुसताच क्लिप लावलेला, हातात आईचा तो चपटा डबा. मागे फाटकापाशी भाऊजी स्कूटर घेऊन उभे. "पप्पांनीच नंबर लावलाय," ती म्हणाली. "ते सोडतायत तिथवर. आत तू येशील का?" मी चप्पल कुठली घातली तेही बघितलं नाही.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय त्रास आहे?" बाकावर आमच्याच कॉलनीतलं एक जोडपं बसलेलं, दोघांचे कान इकडेच. प्रज्ञा त्यांच्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झोप लागत नाही, जेवण जात नाही. माझ्या आईला डिप्रेशन होतं. मला काय आहे ते विचारायला आलेय."

आम्ही बाकावर बसलो. तिने डबा उघडला. लाडू वळलेच नव्हते, गूळ-पोळीचा नुसता कुस्करा होता, तूप कमी पडलेलं. मी काही बोलणार तेवढ्यात तिने एक घास माझ्यापुढे धरला. "मावशी, तूच घे आधी. हात बघ तुझे, किती थरथरतायत."