तीन मिनिटांचा नियम

वीजमीटर तपासणाऱ्या त्या कार्यालयाच्या गाडीतून रोज अकरा माणसं ये-जा करत आणि त्या अकरा जणांबद्दल ड्रायव्हरकाकांचं एकच मत होतं, की त्यात एकही धड नाही. हे मत ते कोणापासून लपवत नसत. फक्त त्या अकरा जणांपासून लपवत.

काकांची गाडी सकाळी सात दहाला पहिल्या थांब्यावर उभी राही. सात नऊला नाही आणि सात अकरालाही नाही. थांब्यावर माणूस मात्र नसे. मग काका फोन लावत आणि पलीकडून तो शब्द येई, ज्याच्यावर त्यांचा जन्माचा राग होता. "आलोच." नऊ वर्षांत काकांनी या बोलण्याचा स्वतःपुरता अभ्यास केला होता. 'उठलो' म्हणजे आत्ता तुमच्या फोननेच जाग आली. 'निघालो' म्हणजे अंघोळ व्हायची आहे. 'आलो' म्हणजे दुसरा मोजा सापडत नाही. आणि 'आलोच' म्हटलं की गाडी बंद करून पेपर उघडावा. जो आलेला नाही तो आलो म्हणतो आणि त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, याचं काकांना कायम नवल वाटे.

पहिल्या थांब्यावर स्टोअरकीपर चढे. हा गृहस्थ गाडीत बसून दार लावून घेई, आणि मग त्याला आठवे की चष्मा घरी राहिला. पुढच्या थांब्यावर दोन तंत्रज्ञ, एकमेकांचे साडू. एकाच इमारतीत राहायचे, पण एकत्र खाली उतरले तर नाक कापलं जाईल अशी दोघांची समजूत. प्रत्येक जण वरून खिडकीतून बघे, दुसरा उतरला की मग आपण उतरू. तिसऱ्या थांब्यावर प्रशासन अधिकारी मॅडम. यांच्या फाटकासमोर गाडी जितकी उभी राहिली, तितकी ती रस्त्यावर चालली असेल की नाही याची काकांना शंका होती.

या सगळ्यांसाठी काकांनी एक नियम केला होता. थांब्यावर तीन मिनिटं थांबायचं, चौथं मिनिट लागलं की निघायचं, मग तो कोणी का असेना. नियम त्यांनी सगळ्यांना ऐकवला होता, इतक्यांदा ऐकवला होता की पाठीमागे लोक त्यांना 'तीन मिनिटं' म्हणत. 'तीन मिनिटं आली का रे?' असं साडू एकमेकांना विचारत. एवढं असून नऊ वर्षांत या नियमाने एकही माणूस मागे राहिला नव्हता. काकांच्या नेमणुकीची मुदत दर वर्षी वाढत असे आणि त्या कागदावर सही मॅडमची असे, यापलीकडे त्याचं कारण शोधायची गरज नाही.

पण घरी गोष्ट वेगळी होती. घरी काका वाघ होते. जेवताना ते मॅडमच्या फाटकापुढचा प्रसंग रोज नव्याने रंगवत, आणि उद्या मात्र मी गाडी काढणार, बाई फाटकात हात हलवत राहतील, मी आरशातसुद्धा बघणार नाही, असं भरल्या ताटावरून जाहीर करत. त्यांच्या मुलीची शाळा हे ऐकतच पार पडली. लहानपणी ती दारातच विचारायची, "बाबा, टाकलं का आज मॅडमना?" काका म्हणायचे, आज दया आली. मुलगी मोठी झाली, तिचा प्रश्न राहिलाच. वेळेच्या बाबतीत आपले बाबा कोणाच्या बापाला घाबरत नाहीत असं तिचं पक्कं मत होतं. त्याच मताच्या जोरावर असेल, तिने रेल्वेचं इंजिन चालवायच्या प्रशिक्षणाची परीक्षा दिली आणि पास झाली. मुलाखतीत तिला विचारलं, हे का करावंसं वाटलं. तिने सांगितलं, माझे वडील वेळेवर गाडी काढतात. हे काकांनी कळल्यापासून निदान पन्नास जणांना सांगितलं होतं.

प्रशिक्षणाच्या गावी जाणारी मुलीची बस सकाळी साडेनऊची होती. दोन वर्षं तिकडेच राहायचं, अधूनमधून सुट्टी मिळेल न मिळेल. काकांना तिला निरोप द्यायला जायचं होतं आणि तेवढ्यासाठी त्यांना हवी होती एकच गोष्ट, की या अकरा जणांनी आयुष्यात एक दिवस वेळेवर खाली यावं. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीत तसं सांगितलं. जरा जास्तच नरमाईने सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम तर म्हणाल्या, मुलगी एवढी लांब जातेय म्हणजे काय, मी सात पस्तीसला फाटकात उभी असेन.

दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरचा चष्मा नाकावर होता, पण डबा राहिला. साडूंपैकी थोरला खाली आला, धाकटा आला नाही, म्हणून थोरला त्याला बोलवायला वर गेला आणि तेवढ्यात धाकटा जिन्याच्या दुसऱ्या बाजूने उतरून आला. मग थोरल्याची वाट बघणं आलं. हे सगळं होऊन गाडी मॅडमच्या फाटकाशी लागली तेव्हा फाटकात कोणी उभं नव्हतं.

काकांनी फोन केला. आलेच. तीन मिनिटं झाली. पुन्हा फोन. आलेच, आलेच. सात झाली. काकांचा हात गियरवर गेला. नऊ वर्षं जेवताना घोटलेलं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं आणि गाडीतली सगळी माणसं श्वास रोखून आरशात त्यांचं तोंड बघत होती. काकांनी गियर टाकला. मग पुन्हा काढला. सतराव्या मिनिटाला मॅडम आल्या, केसांची पिन दातात धरून, आणि बसता बसता म्हणाल्या की तुमच्याच घाईत गॅस चालू राहिला असं वाटून परत वर जावं लागलं.

"असू द्या मॅडम," काका म्हणाले.

शेवटचा थांबा उड्डाणपुलाखाली होता. तिथे सफाईच्या मावशी चढत. त्या अकरांत मोजल्या जात नसत. मागे स्टेपनीच्या चाकाशेजारी एक घडीचं स्टूल होतं, तिथे त्या बसत आणि बसायला मिळतं हेच उपकार मानत. फोन त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे आलेच म्हणायची सोयही नव्हती. गाडी आठ वीसला येत असे, मावशी आठला उभ्या असत. ऊन असो, थंडी असो, गाडी पुलाखाली वळली की हातात कापडी पिशवी घेतलेल्या मावशी दिसायच्याच. नऊ वर्षांत काकांच्या तोंडून त्यांच्याबद्दल कधी कौतुकाचा शब्द निघाला नव्हता. थांब्यावर खांब असतो तशा त्या असत.

त्या दिवशी गाडी पावणेनऊला वळली आणि थांबा रिकामा होता. मावशी रस्त्याच्या पलीकडे होत्या. इतका वेळ गाडी आली नाही म्हणजे आपलाच घोटाळा झाला, गाडी येऊन गेली, असं वाटून त्या समोरच्या टायरच्या दुकानात घड्याळ बघायला गेल्या होत्या. गाडी दिसताच त्यांनी हात वर केला आणि दुभाजकाच्या फटीकडे पळत सुटल्या. पळणं असं ते नव्हतं, गुडघे दुखणाऱ्या बाईचं भराभर चालणं होतं ते.

"काका, मावशी येतायत," धाकटा साडू म्हणाला.

काकांनी आरशात बघितलं. मावशी त्यांना स्वच्छ दिसल्या. पिशवीसकट दिसल्या.

"तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं," काका म्हणाले आणि त्यांनी गाडी काढली.

गाडी उभी राहून अजून एक मिनिटही झालं नव्हतं. हे अकराही जणांना ठाऊक होतं. अकराही जण आपापल्या फोनमध्ये बघू लागले. मग मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे काका. शिस्त हवीच कुठेतरी."

लोकांना कार्यालयात सोडून काका बसस्थानकावर पोचले तेव्हा बस सुटायला सहा मिनिटं होती. सहा मिनिटं, म्हणजे नियमाप्रमाणे दोनदा थांबता आलं असतं. मुलगी बसच्या दारात उभी होती. आईने तिला चार वेळा आत बसायला सांगितलं होतं, ती बसली नव्हती. वडिलांना बघून तिचा चेहरा उजळला.

"कसे पोचलात? मला वाटलं, त्या बाई आज सोडत नाहीत तुम्हाला."

"टाकलं आज," काका म्हणाले. त्यांना हे म्हणायचं नव्हतं. पण इतकी वर्षं तयार असलेला शब्द, तो आपसूक बाहेर पडला.

"मॅडमना?"

मुलगी डोळे विस्फारून बघत होती. कंडक्टर घंटी वाजवत होता. काकांची बायको काकांकडे बघत होती, आणि तिने त्यांच्याबरोबर सव्वीस वर्षं काढली होती.

"हो," काका म्हणाले.

मुलीने त्यांना घट्ट मिठी मारली. "मला माहीत होतं, तुम्ही एक दिवस करून दाखवाल," ती म्हणाली. मग बस सुटली. खिडकीतून ती हात हलवत राहिली, आणि काकांना तिच्याकडे धड बघवेना.

संध्याकाळी धाकट्या साडूने सांगितलं की मावशी तासभर हमरस्त्याच्या कडेने चालत आल्या. पण हजेरीचं रजिस्टर साडेनऊला बंद होतं, तेव्हा मॅडमनी गैरहजेरी लावून त्यांना परत पाठवलं. ज्या माणसाला अकरा जणांबद्दल मत होतं, त्याला बाराव्याबद्दल त्या दिवशी एक शब्द सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या फाटकाशी बारा मिनिटं गेली. पुलाखाली मावशी उभ्या होत्या. कधीपासून कोण जाणे. त्यांनी मागच्या दाराकडे न जाता काकांच्या खिडकीशी येऊन पिशवी खाली ठेवली. काकांनी मनाशी ठरवलं होतं की आज बोलायचं. रात्रभर त्यासाठी ते कुशीवर वळत होते.

"दादा, काल माझंच चुकलं," मावशीच आधी बोलल्या. "वेळ कळत नाही ना मला. हे आणलंय आता."

त्यांच्या मनगटात पुरुषी घड्याळ होतं, जावयाचं जुनं, इतकं सैल की कोपरापर्यंत सरकत होतं. ते काढून त्यांनी खिडकीतून आत दिलं. "तुमच्या घड्याळाला बरोबर लावून द्या. म्हणजे पुन्हा तुमचा खोळंबा नको."

काकांनी घड्याळ घेतलं. ते चाळीस मिनिटं मागे होतं. त्यांनी किल्ली ओढली आणि काटा फिरवायला घेतला. काटा पुढे जाई आणि निसटे. मावशी खिडकीशी विश्वासाने उभ्या होत्या. चुकलं ते माझं, एवढे तीन शब्द काकांच्या ओठांपर्यंत आले.

"काका, चला ना," मागून मॅडम म्हणाल्या. "उशीर होतोय."

"हो मॅडम," काका म्हणाले. त्यांनी घड्याळ अर्धवट लावलेलं, तसंच मावशींच्या हातात दिलं, मागे बसायची खूण केली आणि गियर टाकला.