अक्कांच्या गळ्यातली दुसरी गाठ

"मॅडम, साइज तेवढी सांगा. बाकी सगळं झालंय," असं म्हणून आमचे सर्जन सोनोग्राफी रूमच्या दारातूनच परतले. टेबलावर महादेवीअक्का झोपल्या होत्या. साठीच्या, अक्कलकोटकडच्या. गळ्यावर पेरूएवढा गलगंड, म्हणजे गॉयटर, वाढलेली थायरॉइड ग्रंथी. शेजारी त्यांचा मुलगा बसवराज गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता.

मी सोलापुरात रेडिओलॉजिस्ट आहे. मशीनवर आतलं बघून सांगायचं, हे माझं काम. मी ऑपरेशन करत नाही, औषध लिहून देत नाही. त्यामुळे पुष्कळांना मी फोटो काढणारी बाई वाटते.

"कधीपासून आहे हे?" मी अक्कांना विचारलं.

"ह्याच्या जल्मापासनं," त्यांनी मुलाकडं बोट केलं. "त्यो आता दोन पोरांचा बाप हाय."

"इतक्या वर्सांत काय सुदीक झालं न्हाय," बसवराज म्हणाला. "मागं सुई टोचून बघितली. साधी गाठ हाय म्हनले. गोळ्या लिवून द्या, आमी निगतो."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. असे जुने गलगंड बहुतेक साधेच निघतात. पण गाठ जुनी असणं ही काही गॅरंटी नव्हे. एका गलगंडात अनेक गाठी असतात आणि त्यातल्या एखादीत कॅन्सर असू शकतो. सुईची तपासणी म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून मायक्रोस्कोपखाली बघायच्या. सुई जिथं टोचली तिथलंच ती सांगते. अक्कांना कुठं टोचली होती? सगळ्यात मोठ्या, समोर दिसणाऱ्या गाठीत.

मान ताणली जावी म्हणून मी अक्कांच्या खांद्याखाली उशी सरकवली. तशी त्यांच्या गळ्यातली, लिंगायत घालतात ती इष्टलिंगाची चांदीची डबी घसरून वर आली. अक्कांनी ती चटकन मुठीत धरली आणि मूठ गळ्याच्या डाव्या बाजूला गच्च दाबून ठेवली.

"अक्का, हात जरा बाजूला घेता?"

"लिंग हाय. काडत न्हाय मी."

"मागच्या सोनोग्राफीच्या वेळी काय केलंत?"

"त्यांनी बी काडा म्हनलं. मी न्हाय म्हनलं. मग ऱ्हाऊ द्या म्हनले, आन् हिकडनंच बघितलं."

मी कान टवकारले. म्हणजे मुठीखालचा गळा कुणी पाहिलाच नव्हता! मला राग आला, पण अक्कांचा नाही. लिंग अंगावरून उतरवायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं. आमच्या लोकांनी मात्र एक मिनिट थांबून वाट काढली नव्हती. आमच्या थिएटरमध्ये अशा पेशंटचं लिंग ऑपरेशनच्या वेळी हाताला बांधलेलं मी पाहिलं होतं.

"उतरवू नका. दंडाला बांधलं तर चालेल?"

"चालतंय की!" अक्का उठून बसल्या. डबी तळहातावर धरूनच त्यांनी दोरा सोडला, लिंग डोळ्यांना लावलं आणि बसवराजकडून दंडाला बांधून घेतलं.

मग मी डाव्या बाजूला खालपर्यंत सोनोग्राफीचा प्रोब फिरवला. गलगंडाच्या खालच्या टोकाला हरभऱ्याएवढी काळपट गाठ. कडा वेड्यावाकड्या, आत रव्यासारखे पांढरे ठिपके. शेजारी एक सुजलेला लिम्फ नोड, म्हणजे मानेतली बारीक ग्रंथी. हे चित्र मला चांगलं माहीत होतं. कॅन्सरची शंका घ्यावी असंच.

मी सर्जनना फोन लावला. "सर, परत सुई लागेल."

"अहो, रिपोर्ट नॉर्मल आहे की!"

"मोठ्या गाठीचा. मी लहान गाठीबद्दल बोलतेय."

"एवढं जुनं गॉयटर, मॅडम. उगाच घाबरवू नका त्यांना."

"सर, एकदा स्क्रीनवर येऊन बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

ते आले. बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "टोचा," एवढंच म्हणाले.

आता बसवराज आडवा आला. "सुईनं गाठ पसरती म्हनत्यात. अव्वाला काय झालं तर?" मी समजावलं की एवढ्या बारीक सुईची ती भीती धरू नकोस, गाठ तशीच सोडण्यात धोका जास्त आहे. तरी तो हलेना.

शेवटी अक्काच बोलल्या. "गळा माजा हाय न्हवं? टोच बाई तू."

स्क्रीनवर बघत मी स्वतः त्या हरभऱ्यात सुई घातली. रिपोर्ट आला, पॅपिलरी कॅन्सर. नाव ऐकून बसवराज "अव्वा वाचंल न्हवं?" असं परत परत विचारू लागला. थायरॉइडच्या कॅन्सरमधला हा त्यातल्या त्यात मवाळ, वेळेवर सापडला तर बहुतेक बरा होणारा, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

सर्जननी पूर्ण थायरॉइड आणि त्या बाजूचे लिम्फ नोड काढले. थायरॉइडच्या मागूनच आवाजाची नस जाते. ती त्यांनी फार जपून वाचवली, त्याचं श्रेय त्यांचंच. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर अक्का चहा गार आणला म्हणून बसवराजला कन्नडमधून फैलावर घेत होत्या. पार कॉरिडॉरपर्यंत ऐकू येत होतं. मी तिथंच उभी राहून मनसोक्त हसले. फार अभिमान वाटला मला त्या दिवशी, आणि तो मी लपवलाही नाही. घरी जाऊन नवऱ्याला सगळी हकीकत दोनदा ऐकवली.

सर्जन अजूनही दारातूनच बोलतात. पण आता म्हणतात, "मॅडम, जुनं गॉयटर आहे. सावकाश बघा."