पहिलं 'नाही' मोजायचं नसतं

आधी चहा घ्या, मग सांगतो. आणि 'नको' म्हणू नका! ह्या एका 'नको'ने माझा जगभरच्या शास्त्रज्ञांसमोर पार पोपट केलाय.

२०२१ सालची गोष्ट. मी आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात हत्तीरोगावर संशोधन करतो. मूळचा नागपूरचा. आमच्याकडे सुजलेल्या पायाचं कुणी ना कुणी गल्लीत असायचंच, त्यामुळे हा विषय लहानपणापासून डोक्यात बसलेला. चार वर्षं खपून मी एक तपासणीची पट्टी बनवली होती. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, पट्टीवर टाकायचा, चहाला उकळी येईपर्यंत उत्तर तयार.

प्रयोगशाळेत पट्टी झकास चालत होती. पण प्रयोगशाळेत काय हो, सगळंच चालतं! खरी परीक्षा गावात, उन्हात, धुळीत. ती झाली नसती तर डिसेंबरात माझा करार संपणार होता आणि पट्टी कायमची कपाटात जाणार होती. आयर्लंडमध्ये कपाटाला 'प्रेस' म्हणतात, पण त्याने दुःख काही कमी होत नाही.

अशात उष्ण प्रदेशांतल्या रोगांवरची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद आली. कोविडमुळे ऑनलाइन. जेवणाच्या टेबलावर बायकोचं, प्राजक्ताचं, चेरीवूड भागातलं ऑफिस भरलेलं. म्हणून मी बेडरूममध्ये, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून जगाला संबोधित केलं.

भाषण चांगलं झालं. खोटं कशाला बोलू, फारच चांगलं झालं! सत्राच्या अध्यक्ष होत्या प्रोफेसर मारेके. नेदरलँड्सच्या. हत्तीरोगाच्या पट्ट्या गावोगावी तपासून बघण्याचं मोठं काम ह्या बाईंच्या हातात. त्या चष्मा सारखा करत म्हणाल्या, "आमच्याकडे आणखी एका पट्टीसाठी जागा आहे. तुम्हाला यायला आवडेल का?"

अहो, चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते ताट समोर आलं! आणि मी काय म्हणालो?

"छे छे, नको नको! आमची पट्टी ती काय! इतरांच्या कितीतरी चांगल्या आहेत."

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? कुणी ताटात जिलबी वाढायला आलं की आपण लगेच 'वाढा' म्हणतो का? आधी ताटावर आडवा हात धरतो. मग समोरचा म्हणतो, "अहो, घ्या हो!" आपण पुन्हा नको म्हणतो. मग तो शपथ घालतो आणि तेव्हा कुठे आपण नाइलाजाने तीन जिलब्या खातो. आयर्लंडमध्ये तर माझं ह्यात कधीच अडलं नाही. शेजारच्या नूला आजी चहा विचारतात, मी "नो नो, आय्‌म ग्रँड", म्हणजे 'राहू द्या', म्हणतो, त्या "घेशील रे" म्हणत किटली चढवतातच. मला वाटायचं, सगळा युरोप असाच आहे.

मारेकेबाई म्हणाल्या, "समजलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. पुढचे वक्ते?"

संपलं!

मी मात्र हसरा चेहरा करून आग्रहाची वाट पाहत बसलेलो. पुढचे वक्ते डासांवर बोलायला लागले तरी मी बसलेलोच. दारात प्राजक्ता येऊन उभी.

"मंदार, तू नाही म्हणालास?"

"अगं, ते पहिलं 'नाही' होतं!"

"पहिलं म्हणजे? नाही म्हणजे नाही."

ही पुण्याची. हिच्या माहेरी पाहुणा नको म्हणाला की चहाचं आधण उतरवतात. म्हटलं, हिला काय समजणार!

मग मी माझ्या बॉसला, डेक्लनला, फोन लावला. डेक्लन पक्का आयरिश. त्याला एका वाक्यात सगळं कळलं. "अरेरे! मीही हेच केलं असतं," तो म्हणाला. "मी बोलू का तिच्याशी?"

"छे छे, तुला कशाला त्रास!"

बघा! जित्याची खोड! पण डेक्लन आपल्यातला. म्हणाला, "बोलतो रे." मी म्हटलं, "नको रे." तो म्हणाला, "बोलतोच." आणि बोललासुद्धा. मी नखं खात बसलो. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"काय झालं?"

"ती म्हणाली, तुम्हाला जागा हवी असेल तर अजून आहे."

"मग?"

"मी म्हटलं, छे छे, आमच्यासाठी उगाच धावपळ नको."

"डेक्लन!!"

"तोंडातून निघून गेलं रे! तिने आभार मानले आणि फोन ठेवला."

म्हणजे आता दोन देशांकडून दोन अधिकृत नकार! त्या दिवशी मी जेवलो नाही. प्राजक्ताने वाढू का विचारलं, मी नको म्हटलं, आणि तिने खरंच वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तिलाच दया आली. परिषदेचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी गप्पांची बैठक होती. पडद्यावर गोल टेबलं काढलेली, एकावर टिचकी मारायची की तुम्ही त्या टेबलावर. प्राजक्ताने माझा सराव घेतला. "चहा हवा?" "हो." "भांडी घासशील?" "हो." "बाथरूम?" "हो." सराव जरा लांबलाच म्हणा, पण घर स्वच्छ झालं.

मी मारेकेबाईंच्या टेबलावर टिचकी मारली. डेक्लन आधीच तिथे, ओशाळून बसलेला. शेजारी घानाच्या डॉक्टर अबेना. बाईंनी "गुड इव्हनिंग" म्हणायला तोंड उघडलं आणि मी ओरडलो, "हो! यायचंय! पट्टी घेऊन यायचंय!"

बाई गोंधळल्या. "पण तुम्ही नाही म्हणालात. दोघंही."

मग मी सगळं सांगितलं. जिलबी, आडवा हात, पहिलं 'नाही', दुसरं 'नाही', तिसऱ्यांदा 'हो'. डॉक्टर अबेना टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. "माझ्या आईच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हटलं तर कान पिळायचे!"

मारेकेबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, "सुजलेले पाय धुवायला आम्ही गावात टब, साबण, टॉवेल घेऊन गेलो होतो. घरोघरी विचारलं. कितीतरी लोक नको म्हणाले. आम्ही त्यांना गरज नाही असं समजून टब परत आणले."

मला तर आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आठवली. ह्यांच्यातलं एकही पहिल्या खेपेला हो म्हणालं नसतं.

"पुन्हा जा," डॉक्टर अबेना म्हणाल्या. "आधी बसा, बोला, मग पुन्हा विचारा."

"जाऊ," बाई म्हणाल्या. "आणि तुमची पट्टीही येईल. हो ना?"

"हो!" मी म्हटलं. प्राजक्ताने दारातूनच अंगठा दाखवला. पट्टी वाचली, करार वाढणार, टब परत गावात जाणार! मला वाटलं, आता लॅपटॉप मिटून नाचावं.

इथेच मिटायला हवा होता.

कारण समारोपाला प्रत्येक देशाने काहीतरी सादर करायचं होतं. सगळे एकाच पडद्यावर, सगळ्यांचे माइक सुरू. मारेकेबाई म्हणाल्या, "आयर्लंडतर्फे मंदार गाणं म्हणतील का?"

आता माझा आवाज! शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मी मनापासून, अगदी देवाशपथ म्हणालो, "नाही!"

बाईंनी बोट वर केलं. "हे पहिलं."

"अहो, खरंच नाही!"

"दुसरं," डेक्लन म्हणाला. गद्दार!

"नाही हो, हे खरं 'नाही' आहे!"

"तिसरं!" डॉक्टर अबेनांनी टाळ्या वाजवल्या. सगळा पडदा टाळ्या वाजवायला लागला.

मग काय! बालवाडीतलं एक गाणं तेवढं पाठ होतं. ते हातवाऱ्यांसकट म्हटलं. इस्त्रीचं टेबल हललं, कॅमेरा छताकडे गेला, तरी मी थांबलो नाही. संपलं तेव्हा सगळीकडे शांतता. पण मला म्हणताना जरा मजाच आली होती. मी कॅमेरा सरळ केला आणि विचारलं, "आणखी एक कडवं म्हणू?"

"नको!"

एका दमात. मारेकेबाई, डॉक्टर अबेना, आणि ज्याने जन्मात पहिल्या फटक्याला खरं 'नाही' म्हटलं नव्हतं तो आमचा डेक्लनसुद्धा.

मी थोडा वेळ थांबलो बरं का. पण पुन्हा कुणी काही बोललंच नाही.