विनोदिनीताईंचे हात

आमच्या थोरल्या जाऊबाई विनोदिनीताई म्हणजे उतावळेपणाचा कळस. मी पोळी लाटायला घ्यावी, की दुसऱ्या क्षणी लाटणं त्यांच्या हातात. "आण इकडे मंजिरी, तुले नाही जमत." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मला गोल पोळी येत नाही ती त्यांच्याच कृपेने.

अशी बाई शंकर नगरातल्या हिंदी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लॉकडाऊनमध्ये वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर आला, तेव्हा मी भाजी निवडत मुद्दाम शेजारी बसायचे. म्हटलं, बघू तरी गंमत.

आधी ताईंनी सगळं स्वतः करून दाखवलं. मग मुलांनी सांगायचं, त्यांनी करायचं. पुढे मुलांनीच करायचं, अडलं तर त्या एखादा शब्द सुचवणार. परीक्षा आली तसा तोही बंद झाला.

परीक्षेत चित्र आणि मजकूर घालून फाइल बनवायची नि पाठवायची होती. भनपुरी वस्तीतल्या निधीची पाळी आली. घरात फोन एकच, वडिलांचा, आणि वडील दारात ट्रक सुरू करून बसलेले. फोन त्यांच्याबरोबर जाणार. फाइल गेली नाही तर पोरीचा विषय राहणार होता.

फाइल बनली, पण पाठवताना ती अडली. "दीदी, बटन गायब हो गया."

"स्क्रीन पे क्या दिख रहा है, पढ़ो," ताई म्हणाल्या आणि त्यांनी आपला माइक बंद केला.

बाहेर हॉर्न वाजला. मला राहवेना. "ताई, सांगून काहून नाही देत? एका शब्दाचं तर काम आहे."

"आज मी सांगीन. उद्या कोण सांगन तिले?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. माइक सुरू करायला दोन्ही हात माउसकडे जाऊ नयेत म्हणून त्या ते मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या.

निधी एकेक शब्द वाचत राहिली. पुन्हा हॉर्न वाजला आणि तिचं वाचणं थांबलं. मी भाजी बाजूला सारली.

"कीबोर्ड के नीचे छुपा था, दीदी," ती म्हणाली. "भेज दिया."

ताईंनी हात बाहेर काढले. तळव्यांवर खुर्चीच्या वेताची जाळी लालभडक उमटली होती. उभ्या जन्मात मला या बाईचं एवढं नवल वाटलं नव्हतं.

त्या दिवशी पोळ्या मी लाटल्या. पहिलीचाच नकाशा झाला. लाटणं हिसकायला कोणी कसं आलं नाही, म्हणून मागे वळून पाहिलं. ताई खुर्चीत बसल्या होत्या, हात मांड्यांखाली घेऊन.