ओढून पाहिलेली जीप

गुलाब तायडे बसत नाही. चोपड्यात शिरपूर रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान आहे. दुकानात एक खुर्ची आहे आणि ती गिऱ्हाइकासाठी आहे. गुलाब उभा असतो, नाहीतर दुकानासमोर येरझाऱ्या घालत असतो. वय बावन्न. वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल झालेल्या. जेवतानासुद्धा तो दोनदा उठतो, एकदा पाण्यासाठी आणि एकदा कशासाठीच नाही.

वीस वर्षं तो जळगावला एका पाइपच्या कारखान्यात होता. बारा तासांची पाळी. पाइप समोरून यायचा, सांधा मारायचा, पाइप पुढे जायचा. "पाइप बी चालस, मीच एक उभा शे," असं एका रात्री तो बायकोला म्हणाला आणि महिन्याभरात कारखाना सोडून आला. आल्यावर त्याने लिलावातला डिझेलवर चालणारा वेल्डिंग सेट घेतला. दोन चाकांवर बसवला, पुढे लोखंडी दांडा लावला. जिथे वीज नाही तिथे जाऊन काम करायचं, हा त्याचा विचार. विचार चांगला होता. फक्त सेटचं वजन टनाला टेकत होतं आणि तो ओढायला गुलाबकडे काही नव्हतं.

शेजारच्या पाटलांचा ट्रॅक्टर तो भाड्याने न्यायचा. पण काम निघायचं तेव्हाच पाटलांचा मका निघायचा. गुलाब दुकानासमोर फेऱ्या मारायचा, तिकडे कुणाची तरी विहिरीवरची तुटलेली चौकट, कुणाचं कोसळलेलं शेड दुसरा कोणी जोडून जायचा. महिन्याला तीन-चार दिवस काम. बाकी दिवस फेऱ्या.

दिवाळीनंतरच्या सोमवारी राकेश आला. पाणीयोजनेच्या ठेकेदाराचा तो सुपरवायझर. सातपुड्यातल्या सात पाड्यांवर टाक्यांसाठी लोखंडी मनोरे उभारायचे होते, सगळे सांधे जागेवरच मारायचे होते.

"जय भीम, गुलाबभाऊ. दोनदा शब्द दिला तुम्ही, दोनदा ट्रॅक्टर आला नाही," राकेश खुर्चीवर बसत म्हणाला. "आता शेवटचं सांगतो. शुक्रवारी पहिल्या पाड्यात तुमचा सेट उभा दिसला, तर सातही पाडे तुमचे. नाहीतर शिरपूरचा माणूस तयार आहे."

त्याच दुपारी जळगावहून कारखान्याच्या फोरमनचा फोन आला होता. एक तारखेपासून जागा रिकामी होतेय, येतो का? गुलाब म्हणाला, शनिवारपर्यंत सांगतो. म्हणजे मध्ये चार दिवस होते. चार दिवसांत सेट डोंगरात न्यायला स्वतःची गाडी मिळवायची, नाहीतर पुन्हा त्या पाइपांसमोर उभं राहायचं.

गाडी चारही चाकांना जोर असलेलीच पाहिजे. सातपुड्यातल्या वाटेवर मागची दोन चाकं मुरमात फिरत राहतात आणि ओझं जागचं हलत नाही, हे त्याने पाटलांच्या ट्रॅक्टरच्या मागे चालत पाहिलं होतं. पैसे दोन लाख. त्याच्या वर एक रुपया नाही, असं त्याच्या बायकोने, रुक्माबाईने सांगितलं, आणि ते पैसे तिच्या पिशवीत असल्यामुळे ती बरोबर निघाली.

मंगळवारी जळगाव. जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर कुंदन नावाचा दलाल भेटला. गळ्यात सोन्याची साखळी, दोन कानांना दोन फोन. त्याने एक जिप्सी दाखवली. गुलाब तिच्याभोवती तीन वेळा फिरला. गाडी देखणी होती, पण अंगाने हलकी आणि पेट्रोलची. मागे टनाचा सेट लावला तर कोण कोणाला ओढेल, असं त्याला वाटलं.

"भाऊ, फोर बाय फोर म्हणजे फोर बाय फोर," कुंदन म्हणाला. "भितडावर चढी जाई."

"आमले भितडावर नही जानं," रुक्माबाई म्हणाली. "पाड्यात जानं शे."

कुंदन हसला आणि त्यांना गाडीत घालून बुधवारी सकाळी धुळ्याला घेऊन गेला. तिथे एक पांढरी पिकअप होती. अशी धुतलेली, की टायरसुद्धा काळे चमकत होते. मागे लाल अक्षरांत 'फोर बाय फोर' लिहिलेलं. आत चारही चाकांना जोर देणारा चार चाकांचा दांडा, त्यावर नवी मूठ. कागद चोख. मालक दोन लाखांवर यायला तयार. कुंदनने गुलाबचा हात धरून मालकाच्या हातात दिलासुद्धा.

गुलाबने हात सोडवून घेतला आणि तो गाडीखाली शिरला. पाठीवर पडून त्याने वर पाहिलं. पुढच्या चाकांकडे जोर नेणारा लांब लोखंडी दांडा जिथे हवा, तिथून थेट आकाश दिसत होतं.

"पुढचा शाफ्ट कुठे आहे?" त्याने खालूनच विचारलं.

"डिझेल कमी खावाले पाहिजे म्हनीसन काढा," मालक म्हणाला. "घर पडेल शे. दी देसू ना."

रुक्माबाईने पिशवी काखेत घट्ट धरली. "बैलना पाय काढीसन घर ठेवा, नि बैल इकाले काढा का?"

कुंदन म्हणाला, "मावशी, आजकाल सगळेच काढतात." तेवढ्यात गुलाब बाहेर आला होता आणि रस्त्याकडे चालायला लागला होता. त्याच्या पाठीला धूळ होती. ती झटकायला रुक्माबाईला त्याच्यामागे पळावं लागलं.

बुधवारची दुपार गेली. गुलाब धुळ्याच्या स्टँडवर फेऱ्या घालत राहिला. प्रत्येक फेरीत त्याला पाइप दिसत होता, समोरून येणारा. कुंदनला दलालीची काळजी होती, म्हणून तो फोनवर फोन करत होता. शेवटी त्याने दोंडाईच्याचं नाव काढलं. एक म्हातारा आहे, जीप जुनी आहे, दिसायला काही नाही.

गुरुवारी जाऊन पाहिलं, तर दिसायला खरंच काही नव्हतं. पितांबर आबांच्या खळ्यात ती जीप बाभळीखाली उभी होती. हिरवा रंग ब्रशने मारलेला, ब्रशचे केस रंगात अडकलेले. सीटवर पोतं. आबा खाटेवर बसून सुपारी कातरत होते. खळ्यात मिरच्या वाळत होत्या आणि हवेत इतका ठसका होता की कुंदन बोलूच शकत नव्हता. गुलाबला ते बरं वाटलं.

तो गाडीखाली जाऊन आला. शाफ्ट जागेवर होता, ग्रीस ताजं होतं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा पासिंग केल्याचे कागद होते.

"ली जा, चालाईसन दखी ले," आबा म्हणाले.

"चालाईसन काय दखनं, आबा?" रुक्माबाई म्हणाली. "ओढाले लावू."

रुक्माबाईचे वडील बैल घ्यायला बाजारात जायचे तेव्हा जोडी चालवून कधी पाहायचे नाहीत. भरलेल्या गाडीची चाकं दोराने जखडायची आणि जोडीला जुंपायचं. गुडघे टेकून, माना खाली घालून जी जोडी ती गाडी फरफटवील, तिच्यावर हात ठेवायचा. लहानपणी ती वडिलांबरोबर जायची आणि बैलांचे डोळे पाहायची.

आबांचा अडकित्ता थांबला. "कोनी पोर शे वं तू, माय?"

"शिंदखेडाकडली."

"मंग बराबर शे," आबा म्हणाले आणि खाटेवरून उठले.

शेजारच्या शेताला आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं. काळी माती भिजून मऊ झालेली. मक्याने अर्धी भरलेली ट्रॉली तिथे आणवली आणि जीपला जोडली. रुक्माबाईने स्वतःच्या हाताने ट्रॉलीच्या चाकांपुढे दगड लावले. गुलाबने पुढच्या चाकांच्या मध्यावरच्या, ती चाकं जुंपणाऱ्या कळा फिरवल्या, आत बसून चार चाकांचा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला. जीप थरथरली. पुढची चाकं मातीत रुतली, फिरली, पुन्हा रुतली. मग ट्रॉली दगडांवर चढली आणि पलीकडे उतरली. जीप तशीच बांधापर्यंत गेली.

रुक्माबाईने तिच्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. व्यवहार झाला. आबांनी दोन लाखांतले पाच हजार कमी केले, ते कुंदनने दलाली म्हणून घेतले.

शुक्रवारी सकाळी दोघं सेट घेऊन निघाले. गाव संपलं, केळीच्या बागा संपल्या, डांबर संपलं. मुरमाचा चढ लागला. जिथे पाटलांचा ट्रॅक्टर दोनदा थांबून धूर सोडायचा, तिथे जीप न थांबता गेली. गुलाबने मागे वळून पाहिलं. सेट दांड्यावर डुलत येत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण जिकडे जातोय तिकडे आपलं काम आपल्या मागे येतंय. पण हे वाटणं फार टिकलं नाही. अजून पोचायचं होतं.

माथ्यावर वाट सपाट झाली. खाली पाडा दिसत होता, पंधरा-वीस घरं, मधे मनोऱ्याचं लोखंड पडलेलं. अर्ध्या मैलाचा उतार. गुलाब खाली उतरला, चाकांच्या कळा मोकळ्या केल्या, आत येऊन चार चाकांचा दांडा काढला.

"का काढला?" रुक्माबाईने विचारलं.

"ओढणं संपलं. आता उतरायचंच आहे."

पहिली पन्नास पावलं बरी गेली. मग सीटच्या पाठीतून एक धक्का आला, जणू मागून कोणी गुडघा मारला. गुलाबने ब्रेक दाबला. जीपची चाकं थांबली आणि तरी जीप खाली जात राहिली. सेटला ब्रेक नव्हते. सेट जीपला ढकलत होता. मागचा भाग उजवीकडे सरकला, खडी उडाली, दरीच्या बाजूला आभाळ आलं. गुलाबने स्टिअरिंग डोंगराकडे पिळलं. जीप नाक खुपसून दरडीत घुसली. सेट आडवा होऊन वाटेवर थांबला, त्याचं एक चाक कडेपासून चार पावलांवर.

रुक्माबाईची चप्पल कुठेतरी गेली होती.

"मनीच चूक," ती म्हणाली. "बाजार सपाट जागावर भरस. उतार कोन्ही दखत नही. बैल उतारले आपसूक मागे रेटस, त्याले शिकाडनं पडत नही."

"तू बैल बघितला, मी तर मशीनवाला आहे," गुलाब म्हणाला. तो खाली उतरला होता आणि जीपपासून सेटपर्यंत, सेटपासून जीपपर्यंत चालत होता. बंपर वाकला होता. इंजिन चालू होतं. इथून परत वळायचं तर चढ होता. चढ ही जीप चढली असती, दुपारी तो चोपड्यात असता, आणि एक तारखेला जळगावात.

खालून राकेश मोटारसायकलवर आला. त्याच्या मागून पाड्यातली दहा-बारा माणसं चालत आली. पुढे सायसिंग पावरा, पन्नाशीचा, खांद्यावर कुऱ्हाड.

"भाऊ, राहू द्या," राकेश म्हणाला. "माणूस मरायचा. मी ठेकेदाराला सांगतो."

"काय सांगतोस?"

राकेश मोटारसायकलवरून उतरला आणि आडव्या सेटकडे पाहू लागला.

सायसिंगने सेटचा दांडा हलवून पाहिला. मग वाटेकडे बोट करून म्हणाला, "गाडीचं तोंड वर करा. आमी लाकूड आसंच उतरवतो. ओझं खाली, धरणारा वर."

गुलाब थांबला. फेऱ्या थांबल्या. त्याने पुन्हा एकदा ते डोक्यात उलटं करून पाहिलं. सेट पुढे, खाली. जीप त्याच्या मागे, वर, तोंड चढाकडे. मग सेट जीपला ढकलणार नाही, ओढेल. आणि ओढ सोसायला ही जीप तयार आहे, ते तर त्यांनी मातीत पाहिलं होतं.

चाकांना दगड लावून सेट सोडवला. माणसांनी तो हातांनी वळवला, पाठ खाली, दांडा वर. जीप दरडीतून निघाली, पुढे-मागे करत तिने तोंड फिरवलं आणि सेटचा दांडा पुन्हा तिच्या मागे जोडला. गुलाबने पुन्हा कळा फिरवल्या, चारही चाकं जुंपली, शेजारचा बारका दांडाही सर्वात जोराच्या, सर्वात हळू चालीच्या जागी टाकला, रिव्हर्स घातला आणि ब्रेकवरून पाय काढला. सेटने ओढ घेतली. जीप एक वीत सरकली आणि इंजिनने धरलं. सायसिंग आणि दुसरा एक जण दोन्ही बाजूंनी सेटला दिशा देत होते. बाकीचे दगड घेऊन चाकांबरोबर चालत होते. रुक्माबाई अनवाणी पुढे होती आणि लेकीच्या नावाने नवऱ्याला ओरडत होती, "डावे! आजून डावे! ओ शिल्पाना बाप, डावं कोनतं ते माहीत शे ना?"

अर्ध्या मैलाला दीड तास लागला. गुलाब तायडे पहिल्या पाड्यात उलटा शिरला. राकेशने मोबाईलवर सेटचा फोटो काढला, वाकलेला बंपर त्यात येणार नाही असा.

"झालं," तो म्हणाला. "सात पाडे तुमचे. सोमवारी दुसरा."

"दुसऱ्याला उतार किती आहे?"

राकेश विचारात पडला. "चढ दोन आहेत," तो म्हणाला. "उतार... नाही पाहिला कधी."

गुलाबने सेट चालू करून पाहिला, पहिला सांधा मारला, लगेच बंद केला. दुसऱ्या पाड्याला निघण्याआधी सेटला स्वतःचे ब्रेक बसवायला हवेत, ब्रेक बसेल असा चाकाचा हब कुठून मिळेल, ब्रेकची तार जीपपर्यंत कशी आणायची, हे त्याच्या डोक्यात सुरू झालं होतं. पण त्याआधी एक फोन करायचा होता आणि पाड्यात रेंज नव्हती. तो त्याच उताराने वर चालत निघाला. वाटेत मुरमात टायर घासल्याचे दोन चर होते. कडेपासून चार पावलं. त्याने ती मोजली. ती तीनच भरली.

माथ्याजवळ फोन लागला.

"मी येत नाही," तो म्हणाला.

"विचार कर, गुलाब," फोरमन म्हणाला. "जागा थांबणार नाही. इथे सावलीत काम आहे. जिवाला धोका नाही."

गुलाब बोलत बोलतच चालत होता. दोन पावलांवर रेंज जायची, मग तो मागे यायचा. "ऐकू येतंय का?" तो म्हणाला. "येत नाही म्हणतोय."

पलीकडून काही आलं नाही. फोरमनने ऐकलं, का त्याआधीच आवाज तुटला, ते त्याला कळलं नाही. त्याने पुन्हा नंबर लावला, पुन्हा तेच सांगितलं, या वेळी एका जागी उभं राहून. मग तो उतरायला लागला. खाली रुक्माबाई सायसिंगच्या घरासमोर बसून पाणी पीत होती आणि जीपकडे बघत होती.