नोंद नसलेले वाचक

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली तर दचकते आणि वेळेवर झाली नाही तर जास्तच घाबरते. त्यामुळे या तेलुगू मुलखातल्या शहरात, विद्यानगरातल्या शाळेत ग्रंथपाल म्हणून इतकी वर्षं काढली ती नियमांना धरून. एक नियम सोडून.

शाळा इंग्रजी माध्यमाची. एका मुलाच्या कार्डावर एका वेळी एकच पुस्तक, तेही फक्त त्याच्यासाठी. पूर्वी शाळेत मराठी शिकवायचे, तेव्हाचं मराठी पुस्तकांचं एक लोखंडी कपाट माझ्याकडे उरलं होतं. आमच्या इथल्या मराठी घरांतली मुलं मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की दर दोन शब्दांना ठेचकाळतात. वाचतात त्या त्यांच्या आया आणि आज्या. एखादी मुलगी स्वतःचं इंग्रजी पुस्तक कार्डावर घ्यायची आणि हळूच म्हणायची, मिस, आजीसाठी पण एक द्या ना. कार्डावर जागा नाही, आजी शाळेची सभासद नाही. मग मी ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून तसंच देऊन टाकायचे. कोणाकडे काय गेलंय ते माझ्या डोक्यात असायचं. एक वाचून परत आलं की दुसरं जायचं. आजवर एकही हरवलं नव्हतं.

मागच्या वर्षी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाला गेले. तिथे नव्या नव्या युक्त्या शिकवल्या. पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवायचा, मुलानं त्यावर फोन धरला की दुसऱ्या मुलानं आपल्या आवाजात सांगितलेली पुस्तकाची ओळख ऐकू येते. कुठलं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं याचा अहवाल संगणक आपोआप काढून देतो. मला सगळं फार आवडलं. परत आल्यावर मीच उत्साहानं प्राचार्या बाईंना म्हटलं की असा अहवाल काढून बघू या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं अहवालात लाल रंगात येतात. माझं मराठीचं अख्खं कपाट लाल होतं.

प्राचार्या बाई तेलुगू, माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान आणि स्वभावानं सरळ. त्या थोड्या हळहळल्या. मग म्हणाल्या, कोणी वाचतच नसेल तर कपाट रिकामं करा, तिथे मुलांसाठी टॅबलेट ठेवता येतील. शुक्रवारी रद्दीवाल्याला बोलावते, पुस्तकं टेबलावर काढून ठेवा.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण शाळेची पुस्तकं नोंद न करता बाहेर दिली हे कळलं तर नोकरी जाईल, आणि वर चोर ठरेन ते वेगळंच. संगणकानं विचारलं, ही पुस्तकं नक्की बाद करायची? मी माझ्याच बोटानं 'हो' दाबलं.

खोलीत येऊन कपाट उघडलं. निम्म्याहून जास्त पुस्तकं लोकांच्या घरी होती. यादी पुरी आणि कपाट अर्धं. शुक्रवारी टेबलावर काय मांडणार होते मी?

दोन संध्याकाळी घरोघर हिंडले. कुणी पाठीमागून हाक मारली तरी वाटायचं, कळलं बहुतेक. शेजारच्या नल्लकुंट्यातल्या बायका पुस्तक आणून द्यायच्या आणि विचारायच्या, आता कोणतं देता? मी म्हणायचे, बघू. रद्दीत घालण्यासाठी मी त्यांच्या हातातून पुस्तकं काढून घेत होते आणि त्या मला चहा पाजत होत्या. माझीच मला किळस आली.

शेवटचं घर अंबरपेठेत, सातवीतल्या एका मुलीचं. तिच्या आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. भिंग घेऊन ती खिडकीशी बसली होती. पुस्तक मागितलं तर तिनं ते मांडीवरून उचललंच नाही.

"हे नाही द्यायची मी बाई. दिवसाला दोन पानं होतात माझी, अन्‌ तुम्हाला लगेच पायजे? परेशान नका होऊ, संपलं की पाठवते पोरीसंगं."

मी मान हलवून हौ म्हटलं आणि जिन्यात येऊन बसले. पुस्तक न्यायचं म्हणजे तिच्या मांडीवरून ओढून घ्यावं लागणार होतं, आणि तेवढं काही माझ्याच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांसमोर हिंदीत एका दमात सगळं सांगून टाकलं. पुस्तकं वाचली जातात, नोंद मी केली नाही, चूक माझी. त्या चांगल्याच रागावल्या, माफीनामा लिहून घेतला, आणि शेवटी म्हणाल्या की बाहेरच्यांना कार्ड देता येणार नाही, पण शिक्षकांच्या कार्डाला पुस्तकांची मर्यादा नसते. सगळी तुमच्या नावावर घ्या, एक जरी हरवलं तरी जबाबदार तुम्ही. बाद केलेली पुस्तकं संगणकात परत चढवली आणि रद्दीवाल्याला नको म्हणून कळवलं.

तेव्हापासून प्रत्येक मराठी पुस्तक आधी माझ्या नावावर चढतं आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर पडतं. कुणाच्या घरी पाणी तुंबलं, कुणी घर बदललं असं ऐकलं की अजून धडकी भरते.

या वर्षीचा अहवाल परवा आला. मराठीच्या कपाटात लाल रंग औषधालाही नाही. खाली एक ओळ होती: वाचक, एक.

मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, हे प्राचार्या बाईंना माहीत आहे. त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "और आपके बाद?"

इतकी भीती मला रद्दीवाल्याचीही वाटली नव्हती.