नळीने आत ओढलेले भस्म

प्रश्न असा होता: जी नळी धूर बाहेर फेकते, ती त्याच वेळी हवा आत ओढू शकते का? याचे उत्तर मला गेवराईला, महामार्गाच्या कडेच्या एका पत्र्याच्या शेडपुढे, धुळीत गुडघे टेकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. आणि ते मी त्याच क्षणी खोटे ठरवले. हे मी आजवर बोललेलो नाही — पत्नीपाशी नाही, सहकाऱ्यांपाशी नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्यालाही नाही. तुम्हांला सांगतो आहे. क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करतो. तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे क्रमाची सवय आहे. तरीही लिहिताना हात मागे सरतो आहे, हे मला कळते.

माध्यमिक शाळेतील प्रयोगवही तुम्हांला आठवत असेल. कृती, निरीक्षण, अनुमान — असे तीन रकाने. मी पहिल्याच तासाला सांगत असे: अनुमानाचा रकाना शेवटी भरायचा. जे दिसले ते निरीक्षणात लिहायचे. जे दिसायला हवे होते, ते नव्हे. शिक्षक सांगतो म्हणून काही लिहायचे नाही, कारण प्रयोग शिक्षकापेक्षा मोठा असतो. हे वाक्य मला फार आवडे. चाळीस मुलांपैकी एखादाच ते खरे मानतो. मन्मथने मानले होते. वडवणीच्या एका किराणा दुकानदाराचा हा मुलगा, गेवराईला मामाकडे राहून शिकत होता. गुणांनी मध्यम, पण त्याच्या वहीत निरीक्षणाचा रकाना नेहमी पानाबाहेर सांडलेला असे.

आता गाडीकडे येतो. गावात एसटीडीचे पिवळे फलक नुकतेच लागले होते, घराघरांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या, आणि ज्या वस्तू आपल्यासाठी नाहीत असे आम्ही मानत आलो होतो, त्या अचानक आपल्यासाठीही असू शकतात असे वाटू लागले होते. अशा दिवसांत मी एक जुनी चारचाकी पेट्रोल गाडी घेतली. ती एका गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, मुलाची. त्याने तिचा मूळचा सायलेन्सर काढून रुंद, मोकळी नळी बसवली होती आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे प्रमाण वाढवून ठेवले होते, का तर गाडी गरजली पाहिजे. आणि ती गरजत असे. शाळेच्या बोळात वळलो की वर्गांच्या खिडक्या डोक्यांनी भरून जात.

खरे सांगू? मला ते आवडले. आयुष्यभर हलक्या आवाजात बोललेला माणूस मी — माझ्या येण्याची वर्दी कोणाला कधी लागली होती? पत्नी म्हणाली, "वर्गात पोरांना ‘शांतता राखा’ म्हणता, आन् स्वतः आभाळ फाटल्यावानी गडगडत येता. कुणाला भेव दाखवायलाव हो?" मी हसून विषय टाळला. सायलेन्सर परत बसवतो, असे मात्र म्हणालो नाही.

प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र ही तेव्हा नवी गोष्ट होती. महामार्गावर, टायरच्या दुकानाशेजारी, एक तपासणी केंद्र निघाले. कामावर होता मन्मथ — आता सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला. बारावीनंतर दोन-तीन नोकऱ्या धरून सुटल्या होत्या. ही टिकली होती. त्याने माझ्या नळीच्या तोंडात यंत्राची दांडी घातली आणि लाल आकडे वर चढत गेले. कार्बन मोनॉक्साइड: मर्यादा तीन टक्क्यांची, माझ्या गाडीचे साडेचारच्या पुढे. या वायूला रंग नसतो, वास नसतो. पेट्रोलला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. हे मी दरवर्षी शिकवत असे. मन्मथ ओशाळून म्हणाला, "सर, मला न्हाई देता येनार. पेट्रोल कमी करा, जुना सायलेन्सर घाला, मंग बसंल." त्याला वाईट वाटत होते — माझ्यासाठी.

उपाय सोपा होता. पण तो केला असता, तर आवाज गेला असता. म्हणून मी खलीलभाईकडे गेलो. खलीलभाई हे गावातले मेकॅनिक. शाळेची पायरी त्यांनी चढली नव्हती, पण इंजिनाच्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह सैल आहे हे ते सांगत. माझे म्हणणे ऐकून ते खो खो हसले. "सर, तुमी आन् नापास? फिकीर करू नका. मशीन आंधळी हाय, नळीच्या तोंडाशी जे येतं तेवढंच तिला कळतं." त्यांनी नळीच्या खालच्या बाजूला, तोंडापासून वीतभर अलीकडे, एक छिद्र पाडले. सरळ नव्हे, तिरके. धूर ज्या दिशेने धावतो त्या दिशेला कललेले. "हितून बाहेरची हवा आत घुसती. धूर पातळ व्हतो, मशीन खूश." मी म्हणालो, असे होणार नाही. आतून बाहेर जोर असताना बाहेरची हवा आत कशी शिरेल? ते हात पुसत म्हणाले, "पुस्तकात न्हाई शिरत आसंल. हितं शिरती."

म्हणजे मला माहीत होते. हे मी मुद्दाम वेगळे लिहितो, कारण पुढे ते महत्त्वाचे आहे. माझा विश्वास नव्हता, पण छिद्र कशासाठी आहे हे मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा केंद्रावर गेलो. आकडे चढू लागले आणि एकावर पोचण्याआधीच थांबले. मन्मथने दांडी काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. "सर, आसं कावून व्हायलंय? इंजिनला हात लावला का?" मी नाही म्हणालो. ते खरेच होते. खरे बोलून फसवता येते, हे मला त्या दिवशी कळले.

त्याने प्रमाणपत्र तिथेच लिहून दिले असते, तर आज हे लिहावे लागले नसते. पण तो वाकला. नळीवरून बोटे फिरवत फिरवत छिद्रापाशी आला आणि थबकला. मग आत जाऊन टेबलाचा खण उघडला. त्यात भस्माची वडी असे. केंद्र उघडताना तो रोज कपाळावर तीन पट्टे ओढी. वडी आधी कपाळाला लावून त्याने ती तळहातावर घासली. पांढरी, पिठाहून बारीक भुकटी पडली. इंजिन चालूच होते. तो उताणा झोपला आणि तळहात हळूहळू छिद्राखाली नेला.

मी गुडघे टेकून पाहत होतो. भस्म उडून त्याच्या तोंडावर येईल, अशी माझी अपेक्षा होती. ते उडाले नाही. ते उठले — तळहातावरून दोऱ्यासारखे उठले, क्षणभर थरथरले, आणि आत गेले. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला थोडे. जणू त्या लोखंडाला श्वास होता आणि तो आम्ही उघडा पाडला होता. मी किती वेळ पाहत होतो, सांगता येत नाही. तीस वर्षांत शेकडो प्रयोग केले, तयार उत्तरांचे. हा एकच प्रयोग असा होता की ज्याचे उत्तर मला मान्य नव्हते आणि जो माझ्या मान्यतेसाठी थांबला नाही. इतक्या साध्या हाताने, इतक्या थोड्या साधनाने, कोणीही न शिकवता, त्याने अदृश्य हवा दाखवली होती. कोणता शिक्षक असा दिवस मागून घेणार नाही?

मन्मथ उठून बसला. चेहरा उजळलेला. म्हणाला, "सर, निरीक्षण तर ह्ये हाय. अनुमान काय लिहू?"

आता ते सांगतो, ज्याच्याभोवती इतका वेळ फिरतो आहे.

मी म्हणालो, "वारा आहे, मन्मथ. गोदावरीकडून येणारा." मी बोटाने धुळीत आकृती काढली — नळी, बाण, नळीखाली फिरणारा हवेचा भोवरा. भस्म त्या भोवऱ्याने उचलले गेले, आकड्यांशी छिद्राचा काही संबंध नाही, आदल्या दिवशी इंजिन थंड असल्याने आकडा चढला असावा, असे सारे नीट, सावकाश समजावून दिले. फळ्यावर मी इतकी सुबक आकृती कधी काढली नव्हती. एकही बाण खरा नव्हता.

मन्मथने मान वर केली. समोरच्या चहाच्या हॉटेलातला धूर काठी उभी केल्यासारखा सरळ वर जात होता. टायरच्या दुकानावरची पताका लोंबत होती. त्याने ते पाहिले. त्याला ते पाहताना मी पाहिले. मग तो माझ्याकडे वळला. त्याला काय निवडायचे होते, हे आम्हां दोघांनाही कळत होते. तळहातावर उरलेले भस्म त्याने कपाळाला लावले. "सर म्हणतेत म्हंजी बराबर आसंल," म्हणाला, आणि प्रमाणपत्र लिहिले.

मी गरजत घरी गेलो.

त्यानंतर खलीलभाईंनी तशीच छिद्रे पाडलेल्या आणखी काही गाड्या केंद्रावर आल्या. मन्मथने त्या सोडल्या. छिद्राचा आकड्यांशी संबंध नाही, हे त्याला सरांनी सांगितले होते. मी त्याला हे सांगितले नव्हते — आणि मला ते पक्के ठाऊक होते — की गाडी वेगात असताना त्याच छिद्रातून वायू बाहेरही पडतो आणि तळाच्या फटींतून गाडीत शिरतो. थंडीत काचा लावून धारूरकडे निघालेल्या एका गाडीत मागच्या बाजूला बसलेली बाई बेशुद्ध झाली. ती वाचली. गाडी तपासली, छिद्र सापडले, प्रमाणपत्रावर सही मन्मथची.

परिवहन खात्याचे निरीक्षक चौकशीला आले तेव्हा मन्मथ घाबरला नाही, असे मला नंतर कळले. तो म्हणाला, आमच्या सरांना विचारा, ते शास्त्र समजावून सांगतील. म्हणून ते त्याला घेऊन शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघे होतो. निरीक्षकांनी मला विचारले, "छिद्राने काही फरक पडत नाही, असं तुम्ही यांना सांगितलंत?"

मन्मथ माझ्याकडे पाहत होता. तोच चेहरा, उत्तर ऐकायला उत्सुक.

मी म्हणालो, "विज्ञानाचा शिक्षक असं कसं सांगेल?"

मन्मथ निरीक्षकांना म्हणाला, "माझ्याच ध्यानात काही तरी चुकलं आसंल, साहेब. सर आसं सांगनार न्हाईत."

त्याने माझ्यावर राग धरला असता, आरडाओरडा केला असता, तर मला सोपे गेले असते. त्याऐवजी त्याने जणू प्रयोगवहीतले स्वतःच्या निरीक्षणाचे पान फाडून मला दिले. नोकरी गेली. तो बायकोला घेऊन वडवणीला वडिलांच्या दुकानात गेला. मी पुढच्याच आठवड्यात सायलेन्सर बसवून घेतला, पत्नी म्हणाली, "आलं वाटतं शहाणपण." मी हो म्हणालो.

मी असे का केले, याची कारणे माझ्यापाशी आहेत. ती लिहीत नाही. लिहिली की ती सबबी होतात.

निवृत्तीनंतर एकदा वडवणीच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दुकानापुढे उभा राहिलो. गर्दी होती. तराजूचा काटा पूर्ण स्थिर होईपर्यंत तो हात लावत नव्हता, गिऱ्हाइक कुरकुरले, "मन्मथआप्पा, उद्या देता काय?", तरीही नाही. कपाळावर तीन पट्टे होते. मला पाहून तो उठला, हात जोडले. "या सर. च्या घ्या." मी चहा घेतला. सांगितले काहीच नाही.

त्याने पाहिले होते ते बरोबर होते. वारा नव्हता. नळी हवा आत ओढत होती. मी खोटे बोललो, दोनदा.

आता माझ्या सांगण्यावर विसंबू नका. मोकळ्या जागी, एखाद्या जाणत्या मेकॅनिकला सोबत घेऊन, धूर जाणाऱ्या नळीला असे तिरके छिद्र असलेली गाडी चालू करा. तळहातावर भस्म घ्या, खडूची भुकटी घ्या, काहीही बारीक घ्या. छिद्राखाली धरा. आजूबाजूला पताका आहे का, धूर सरळ जातो का, तेही पाहा. मग जे दिसेल ते लिहा. कृपया स्वतः पाहा.